पेरू आणि पाहुणा

थाई भाषेत गोऱ्या माणसाला आणि पेरूला एकच शब्द आहे, 'फरांग'. अरबी-फारसीच्या वाटेने पूर्वेकडे निघालेला 'फ्रँक' आपल्याकडे 'फिरंगी' झाला, परदेशी पात्याच्या तलवारीला 'फिरंग' हे नाव देऊन गेला, आणि सयामच्या आखातापर्यंत पोहोचल्यावर फळांच्या टोपलीत जाऊन बसला. पेरूचे झाड मूळचे अमेरिकेतले. ते समुद्रापलीकडच्या लोकांबरोबर आले, म्हणून त्यालाही त्या लोकांचेच नाव. थायलंडच्या ईशान्य भागाला 'इसान' म्हणतात (आपला 'ईशान'च तो). तेथे लाओ वळणाची बोली चालते; तीत पेरूला 'बाक सीदा' म्हणतात आणि थट्टेने गोऱ्यालाही तेच म्हणतात. रामकियेन ह्या थाई रामायणातील सीतेचे नावही 'सीदा'च. आपल्याकडे तिच्या वाट्याला सीताफळ आले. इसानात निदान कानाला तरी पेरू ऐकू येतो.

भारतीय माणसाला मात्र थाई लोक 'खॅक' म्हणतात. ह्या शब्दाचा अर्थ पाहुणा. अर्थ ऐकून सुखावून जावे असे वाटते, पण पाहुणा किती दिवस राहिला की पाहुणा उरत नाही हे मराठी माणसाला सांगायला नको. साप आणि खॅक एकदम दिसले तर आधी खॅकला मारावे, अशी एक म्हणही त्या भाषेत आहे. ती मला प्रथम सांगितली ती एका इंग्रजाने, आणि मोठ्या आनंदाने.

खोन केन ह्या इसानमधील शहरी अभ्यागत प्राध्यापक म्हणून मी दोन सत्रे काढली. तुलनात्मक साहित्याच्या अध्यापकाला प्रवासवृत्तांतांतील 'इतर' हा विषय वर्गात पुष्कळ वेळा शिकवावा लागतो. तो टेबलापलीकडे बसून अंडी खाताना क्वचितच भेटतो. विद्यापीठाबाहेर एका थाई बाईंच्या खाद्यगृहात रविवारी सकाळी इंग्रजी न्याहारी मिळे: सॉसेज, तळलेली अंडी, डब्यातला घेवडा आणि दाट चहा. तेथे सात-आठ ब्रिटिश गृहस्थ नेमाने जमत. एक निवृत्त वायरमन, दोन माजी सैनिक, एक ट्रकचालक, एक शाळामास्तर. सगळे पन्नाशी ओलांडलेले, कारण निवृत्त म्हणून तेथे राहायचे तर कायद्याने पन्नास वर्षे पुरी व्हावी लागतात. शिवाय बँकेत आठ लाख बाट किंवा दरमहा ६५,००० बाटांचे उत्पन्न दाखवायचे. थाई पत्नी असेल तर त्या नात्याने हे आकडे चार लाख आणि ४०,००० वर येतात. मुक्काम दरवर्षी वाढवून घ्यायचा आणि दर नव्वद दिवसांनी आपण कोठे राहतो हे सरकारदरबारी कळवायचे. उत्पन्नाचा दाखला ब्रिटिश वकिलात पूर्वी देत असे. २०१९ पासून तिने तो देणे बंद केले. त्या दाखल्याविषयी हे लोक ज्या कडवटपणाने बोलत तो माझ्या परिचयाचा होता. आपल्याकडे तलाठ्याच्या दाखल्याविषयी माणसे तशीच बोलतात.

जमीन परदेशी माणसाच्या नावावर होत नाही. फ्लॅट घेता येतो, पण एका इमारतीतील एकूण क्षेत्रापैकी ४९ टक्क्यांहून अधिक परदेशीयांकडे जाता कामा नये. तेव्हा इसानच्या खेड्यात घर बांधायचे म्हणजे बायकोच्या जमिनीवर बांधायचे. हे वाचताना मला इतिहासाची एक गंमत आठवे. १८५५ साली हाँगकाँगचा गव्हर्नर सर जॉन बाउरिंग ह्याने सयामशी जो तह केला, त्याने आयात माल तीन टक्के जकातीवर आला, ब्रिटिश प्रजाजनांना काही अटींवर जमीन घेता येऊ लागली, आणि मुख्य म्हणजे त्यांचे न्यायनिवाडे सयामी कायद्याबाहेर, ब्रिटिश वकिलातीत होऊ लागले. ह्या सवलतीचा शेवटचा अवशेष १९३० च्या दशकाअखेर संपला. वसाहत न झालेल्या देशात ब्रिटिश माणसाने ऐंशी वर्षे वसाहतीतल्यासारखा अधिकार भोगला. त्याच माणसाचा वंशज आज नव्वद दिवसांनी पत्ता कळवतो.

ह्या मंडळींच्या जीवनाचे वर्णन करायला मराठीत एक नेमका शब्द आहे: घरजावई. लग्नानंतर पुरुषाने मुलीच्या घरी राहायला जावे ही इसानातली जुनी चाल, आणि त्या चालीत तेथे कोणालाही उणेपणा वाटत नाही. म्हणून 'खेय फरांग', म्हणजे गोरा जावई, ही तेथे आता ओळखीची सामाजिक जात झाली आहे. सासरच्या दृष्टीने सारे चालीप्रमाणेच आहे: जावई आला, घर बांधले, सासूला दवाखान्यात नेतो, मेव्हण्याच्या मुलाची फी भरतो. जावयाच्या दृष्टीने मात्र आपण कुटुंबप्रमुख आहोत आणि ह्या घराची कागदपत्रे आपल्याला कोणी तरी दिलेली नाहीत. लग्नाच्या वेळी मुलीच्या आईबापांना जी रक्कम द्यावी लागते तिला 'सिन सोत' म्हणतात. थाई माणूस तिचा अर्थ आईच्या दुधाचे मोल असा सांगतो. न्याहारीच्या टेबलावर तिला 'किंमत' म्हणत. रक्कम एकच, पण तिच्या दोन नावांच्या मध्ये दहा-दहा वर्षांचे संसार चाललेले मी पाहिले. ते सगळेच दुःखाचे होते असे नाही. ट्रकचालकाचा तर फार सुखाचा होता.

त्या टेबलावरची मते मला तोंडपाठ झाली. थाई माणूस हसतो, पण मनातले सांगत नाही. तोंडावर 'नाही' म्हणत नाही. उद्याचा विचार करत नाही. लहान मुलासारखा असतो, मात्र रागावला तर भयंकर. 'माय पेन राय', म्हणजे 'असू द्या', हे त्याचे सारे तत्त्वज्ञान. अँग्लो-इंडियन आठवणींची पुस्तके ज्याने वाचली आहेत त्याला ही वाक्ये जुन्या मित्रांसारखी भेटतात. केवळ नाम बदलले आहे. साम्राज्य गेले तरी त्याचे व्याकरण उरते. ते एका वायरमनच्या तोंडीही उरते, ज्याच्या बापजाद्यांना साम्राज्यातून बहुधा काहीच मिळाले नव्हते.

पण एवढे म्हणून थांबणे अन्यायाचे होईल. ह्या मंडळींचा खरा राग लंडनवर होता. ब्रिटनचे सरकारी निवृत्तिवेतन दरवर्षी वाढते. थायलंडमध्ये राहणाऱ्याचे वाढत नाही. २००९ साली ज्याला तेथे आठवड्याला ९५.२५ पौंडांचे मूळ वेतन सुरू झाले, त्याला आजही तेवढेच मिळते. ज्या देशाने त्यांना गोठवून ठेवले त्याच्याविषयी ते क्वचित बोलत. जो देश त्यांना सांभाळत होता त्याच्याविषयी तासन् तास बोलत. मत हे पुष्कळदा ज्याच्याविषयी असते त्याच्यामुळे बनत नाही. थायांविषयी काहीतरी ठाम बोलल्याने आपण अजून ब्रिटिश आहोत ह्याची खातरी पटत असावी.

सयामी लोकांविषयीचे सर्वांत गाजलेले ब्रिटिश मत अशाच एका खातरीतून जन्मले, आणि त्याचे मूळ आपल्या मातीत आहे. राजा मोंगकूट ह्याच्या दरबारी १८६२ ते १८६७ ह्या काळात राजपुत्रांना इंग्रजी शिकवणारी ॲना लिओनोवेन्स आपण वेल्समध्ये जन्मलो असे सांगे. वस्तुतः ती १८३१ साली अहमदनगरला (आजच्या अहिल्यानगरला) जन्मली आणि १८४९ मध्ये पुण्यात तिचे लग्न झाले. तिच्या आईच्या अंगी भारतीय रक्त असावे असा अभ्यासकांचा कयास आहे. डब्ल्यू. एस. ब्रिस्टो ह्यांनी १९७६ साली ही बनावट उघड केली. नगर-पुण्याकडची ही मुलगी, जिच्या कानावर बालपणी मराठी पडली असणारच, १८७० च्या पुस्तकात सयामी अंतःपुराकडे लंडनच्या सभ्य स्त्रीच्या डोळ्यांनी पाहते. सयाम जितका रानटी दिसेल तितकी ती इंग्रज ठरणार होती.

त्या पुस्तकाला थायांनी उत्तर दिले. ॲनावरचा पहिला हॉलीवूडपट १९४६ साली निघाल्यावर सेनी आणि कुक्रित प्रामोज ह्या ऑक्सफर्डला शिकलेल्या बंधूंनी 'द किंग ऑफ सयाम स्पीक्स' हे इंग्रजी हस्तलिखित १९४८ मध्ये सिद्ध केले. दोघांनीही देशाचे पंतप्रधानपद भूषवले. १९५६ आणि १९९९ चे ॲनापट थायलंडमध्ये बंदच राहिले. इंग्रजीत दिलेली अशी उत्तरे मात्र विरळा. येथे मला आपल्या आणि त्यांच्या इतिहासातला भेद जाणवतो. इंग्रजांच्या मतांना आपण दीडशे वर्षे त्यांच्याच भाषेत उत्तरे देत आलो. दादाभाईंपासून ही परंपरा आहे, आणि आपल्या विद्यापीठांतील निम्मे इंग्रजी विभाग तिच्यावरच जगतात. थायांवर ती वेळ आली नाही. त्यांनी आपली उत्तरे आपल्या भाषेत ठेवली, आणि वीस वर्षे तेथे राहून जो ती भाषा वाचायला शिकला नाही त्याला ती ऐकू जात नाहीत.

उत्तरे होती. बारक्या, पाखरांच्या विष्ठेतून रुजणाऱ्या गावठी पेरूला 'फरांग खी नोक' म्हणतात, आणि कवडीचुंबक, गबाळ्या गोऱ्यालाही तेच म्हणतात. 'असू द्या' म्हणणाऱ्या माणसाच्या मनात बहुधा 'क्रेंगजाय' असतो, म्हणजे दुसऱ्याला अवघडवू नये ही धास्ती. 'भीड' हा आपला शब्द त्याच्या पुष्कळ जवळ जातो. इंग्रजीत मला सापडला नाही. त्या खाद्यगृहाच्या बाई मला एकदा हळूच म्हणाल्या, "आजान, हे लोक रोज विचारतात, थाई माणूस खरे का बोलत नाही. खरे बोलले तर उद्या न्याहारीला येतील का?" आजान म्हणजे आचार्य. हा मान तेथे प्रत्येक अध्यापकाला मिळतो, खॅकलाही.

ट्रकचालकाच्या सुखाचे कारण मला वाटते असे की गावात त्याला कोणी 'फरांग' म्हणत नसे. 'लुंग' म्हणत. आईचा किंवा बापाचा थोरला भाऊ तो लुंग. काका-मामा असा भेद थाई माणूस तेथे करत नाही, धाकट्या भावंडांपाशी करतो. लुंगला मते असण्याची फारशी गरज पडत नाही. त्याला कामे असतात.

आणि वायरमन. वयाच्या ६७ व्या वर्षी त्याने लिपी शिकायला घेतली. शेजारच्या पहिलीतल्या मुलीचे पुस्तक घेऊन तो ओट्यावर बसे. अक्षरांचा क्रम इतका विचित्र का, असे त्याने मला विचारले. मी त्याला कागदावर देवनागरी वर्णमाला लिहून दाखवली: कंठ, तालू, दात, ओठ, तोंडाच्या आतून बाहेर येत जाणारा तोच क्रम. तो बराच वेळ दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहत राहिला. "म्हणजे ह्यांनी हे तुमच्याकडून घेतले," तो म्हणाला. मी म्हटले, घेतले, आणि मग आपले केले. थाई व्यंजने ४४ आहेत आणि प्रत्येकाला मुलांसाठी एक वस्तू नेमून दिलेली आहे. पहिले 'को काय', क कोंबडीचा. दुसरे 'खो खाय', ख अंड्याचा. मी खोन केन सोडले तेव्हा तो एकोणिसाव्या अक्षरावर होता आणि ती शेजारची मुलगी त्याच्या उच्चाराला पोट धरून हसत होती. तिचे ते हसणे गूढ आहे असे त्याला वाटत नव्हते.