घेऊन दाखवा

नवीन माणूस आला की मी आधी काही शिकवत नाही. पिशवीतला पंप काढायला लावते आणि म्हणते, "घरी घेता तसाच घेऊन दाखवा." पुढच्या अर्ध्या मिनिटात बरंच काही कळतं. कुणी पंप न हलवताच दाबतं. कुणी आधीचा श्वास सोडायचं विसरतं आणि भरल्या छातीत आणखी भरू पाहतं. कुणी आधी दाबतं आणि मग सावकाश श्वास घेतं; तोवर औषध टाळूला लागून गेलेलं असतं. वर्षानुवर्षं पावडरीचा रोटाहेलर वापरलेला माणूस फवाऱ्याचा पंपही तसाच झटक्यात ओढतो. पावडरीला तो जोर हवाच असतो, फवाऱ्याला मात्र चार-पाच सेकंदांचा संथ श्वास लागतो. रोटाहेलरची कॅप्सूल पाण्याबरोबर गिळणारेही भेटतात. ती बिचारी माणसं औषध अगदी वेळेवर घेत असतात.

मी श्वसनविकारांची फिजिओथेरपिस्ट. मुंबईच्या चारकोपमधल्या एका छातीच्या दवाखान्यात बसते. डॉक्टर तपासतात, चिठ्ठी लिहितात आणि माणूस माझ्या टेबलाशी पाठवतात, कारण त्यांच्या दाराबाहेर रांग असते आणि पंप शिकवणं रांगेच्या गतीने होत नाही. फवाऱ्याचा पंप 1956 साली अमेरिकेतल्या रायकर कंपनीने बाजारात आणला. कंपनीच्या प्रमुखांच्या तेरा वर्षांच्या दमेकरी मुलीने विचारलं होतं म्हणे, की केसांच्या फवाऱ्यासारखं माझं औषध डबीत का नाही भरत? डबीत भरलं खरं. पण बोटाचं दाबणं आणि छातीचं ओढणं एका क्षणी जुळवायचं काम तेव्हापासून रोग्याच्या गळ्यात आहे. साध्या पंपातलं औषध नीट घेतलं तरी साधारण दहा ते वीस टक्केच फुप्फुसात पोचतं. चुकीचं घेतलं, तर उरलं किती याचा हिशोब करायला नको.

गेल्या काही वर्षांत या पंपांच्या डोक्यावर एक टोपी येऊ लागली. 'टोपी' हा आमच्या रुग्णांचाच शब्द. डबीवर बसणारा छोटा सेन्सर. डबी दाबली की तारीख-वेळ टिपतो आणि फोन जवळ आला की ब्लूटूथवरून ॲपकडे पाठवतो. ल्युपिन कंपनीने असं एक उपकरण आपल्याकडे आणलं, त्याचं नाव ॲडहेरो. तिकडे अमेरिकेत टेवा कंपनीच्या डिजिहेलरला 2018 च्या डिसेंबरात मान्यता मिळाली. त्यात सेन्सर आतच होता आणि श्वास किती जोराने ओढला तेही तो मोजत असे. 2024 मध्ये कंपनीने तो अमेरिकेच्या बाजारातून काढूनही घेतला. डब्लिनच्या रिचर्ड कॉस्टेलो यांच्या गटाने तर पावडरीच्या इनहेलरला छोटा मायक्रोफोनच लावला आणि श्वासाचा आवाज ऐकून तंत्र कुठे चुकतं ते शोधलं. मला ही कल्पना फार आवडते. आमच्याकडे येणाऱ्या टोप्या मात्र एवढ्या हुशार नसतात. त्यांना दाबलेलं कळतं, ओढलेलं कळत नाही. खिडकीबाहेर दाबला तरी ॲपमध्ये हिरवी खूण येते.

ही थट्टा नाही. अमेरिका-कॅनडातल्या 'लंग हेल्थ स्टडी'मध्ये काही पंपांना वेळ नोंदवणारी यंत्रं लावली होती आणि ते रुग्णांना सांगितलं नव्हतं. त्यांतल्या जवळजवळ तीस टक्के लोकांनी कधी ना कधी तीन तासांच्या आत शंभराहून जास्त वेळा पंप दाबल्याचं नंतर उघड झालं. म्हणजे तपासणीला जायच्या आधी डबी हलकी करून ठेवली! डॉक्टरांसमोर चांगलं दिसायची ही धडपड मला रोज दिसते. "पंप घेता ना?" या प्रश्नाला 'हो' याखेरीज उत्तरच नसतं. म्हणून मी तो विचारत नाही. "आठवड्यातून किती वेळा राहून जातो?" असं विचारते. राहून जातो हे मीच आधी धरून चाललेलं दिसलं की समोरचा माणूस सैल होतो.

टोपी आल्यापासून हा प्रश्न विचारायची पद्धत आणखी जपावी लागते, कारण आता माझ्या हातात पुरावा असतो. आलेख उघडून "अहो, मंगळवारी, गुरुवारी घेतलाच नाही तुम्ही" असं म्हटलं की तो माणूस पुढच्या खेपेला टोपी घरी विसरून येतो. त्यामुळे मी स्क्रीन त्याच्याकडे फिरवते आणि त्यालाच वाचायला सांगते. रिकाम्या दिवसांची कारणं त्याच्याकडे असतात, ॲपकडे नसतात.

आणि ती कारणं ऐकण्यासारखी असतात. चारकोपात कोकणातली माणसं पुष्कळ. गणपतीत आठ-दहा दिवस रोजच्या पंपाची ओळ कोरी दिसते. "गावची हवा चांगली ना मॅडम, तिकडे लागतच नाही," असं एक काका मला समजुतीच्या सुरात सांगत होते. लागत नाही हे खरंच. पण रोजचा पंप धाप थांबवायला नसतो, श्वासनळीची सूज दाबून ठेवायला असतो. बंद केल्याचं लगेच जाणवत नाही. सूज हळूहळू परत येते, आणि नेमकी धूप, गुलाल आणि विसर्जनाच्या गर्दीत छाती भरून येते. कोजागिरीला खिरीतून दम्याचं औषध घ्यायला जाणारेही माझ्याकडे येतात. मी वाद घालत नाही. खीर खा, पण दुसऱ्या दिवशी सकाळचा पंप चुकवू नका, एवढंच म्हणते. काहींचा आलेख पौर्णिमेनंतर थांबलेला पाहिला आहे.

रमजानात याच्या उलट होतं. पलीकडे मालवणी नावाची वस्ती आहे, तिथले बरेच रुग्ण आमच्याकडे येतात. ॲपमध्ये वेळ घातलेली असते सकाळी आठ आणि रात्री आठ. एकाचे महिनाभर सगळे रकाने लाल. नीट पाहिलं तर सहरीच्या वेळी एक दाब, इफ्तारनंतर एक दाब, एकही दिवस न चुकता. यंत्राने ज्याला वर्गात शेवटचं बसवलं तो माझा सगळ्यात शिस्तीचा रुग्ण होता. आम्ही ॲपमधल्या वेळा बदलल्या. रोजा सुरू व्हायच्या आधीच त्या बदलायच्या, हे आता माझ्या वहीत लिहिलेलं आहे.

एकच टोपी परवडणार असेल तर ती कुठल्या पंपावर बसवायची, हा माझ्या कामातला मोठा प्रश्न आहे. कंपनीची माणसं आणि बहुतेक डॉक्टर म्हणतात, रोजच्या पंपावर. नियमितपणा तिथेच कळणार. ऑकलंडमधल्या, 2015 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात काही शाळकरी मुलांच्या रोजच्या पंपाला आठवणीची धून लावली आणि काहींच्या नाही. औषध घेण्याचं प्रमाण धून नसलेल्या मुलांचं तीस टक्के आणि असलेल्यांचं चौऱ्याऐंशी टक्के दिसलं. विसराळूपणावर टोपी उत्तम चालते, यात वादच नाही. तरीही दोन पंपांतला एकच निवडायचा, तर पहिला महिना मी टोपी निळ्या पंपावर, म्हणजे धाप लागल्यावर घ्यायच्या पंपावर बसवायला सांगते. रोजचा पंप माणूस आपल्यासाठी, डॉक्टरांसाठी, सुनेच्या धाकाने घेतो. निळा पंप तो फक्त छातीसाठी घेतो. आठवड्यात दोनपेक्षा जास्त वेळा तो लागला, किंवा त्यासाठी रात्री उठावं लागलं, तर दमा आटोक्यात नाही, मग तोंडाने माणूस "मी बरा आहे" म्हणेना का. नुसत्या निळ्या पंपावर दम्याचा कारभार चालवू नये, असं 'जिना' या जागतिक संस्थेने 2019 पासून स्पष्ट सांगितलं आहे. आपल्याकडे अजून कित्येकांचा सगळा कारभार त्यावरच चालतो. जगातल्या दमेकऱ्यांपैकी सुमारे तेरा टक्के भारतात आहेत आणि दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी चाळीस टक्क्यांहून जास्त आपल्याकडे होतात. हे आकडे मी रुग्णांना सांगत नाही. घाबरलेला माणूस श्वास नीट ओढत नाही.

निळ्या पंपाच्या वेळा बोलतात त्या अशा. एका काकूंच्या आलेखात दाब पडायचे ते रात्री साडेनऊ ते अकराच्या दरम्यान. पहाटेची धाप मला ओळखीची होती, ही वेळ नवी होती. "त्या वेळेला घरात काय चालू असतं?" मालिका, जेवण, भांडी. "आणि आजूबाजूला?" तेव्हा कळलं. चारकोपची बैठी वस्ती 1980 च्या दशकात जागतिक बँकेच्या कर्जातून म्हाडाने आखली. लहान लहान भूखंड, साधारण पस्तीस घरांची एक सोसायटी आणि मधे सामाईक चौक. पुढे घरांवर मजले चढले, चौक तेवढाच राहिला. शेजारी खाडी आणि तिवरं, त्यामुळे डासांना तोटा नाही. काकू स्वतः कॉइल लावत नव्हत्या, पण चौकातल्या चार दारांत जेवणानंतर कॉइल पेटत होती. एका कॉइलच्या धुरातले सूक्ष्म कण शंभरेक सिगारेटच्या बरोबरीचे असतात, हे पुण्याचे डॉ. संदीप साळवी कितीतरी वर्षं सांगत आले आहेत. त्या चौकात मच्छरदाण्या आल्या ते काकूंचं कर्तृत्व. त्यांनी महिला मंडळात तो आलेखच फिरवला.

चौकात सगळ्यांना सगळं कळतं, याची दुसरी बाजूही आहे. पंप म्हणजे शेवटचा उपाय, एकदा लागला की सुटत नाही, ही समजूत पक्की असल्यामुळे लग्नाच्या वयाच्या मुली पंप ओढणीत लपवून आणतात. एकीच्या फोनवर आठवणीची धून वाजली ती नेमकी घरी पाहुणे बघायला आले असताना. तिने मला ते हसत सांगितलं. तिच्या आईला हसू येत नव्हतं. तेव्हापासून टोपी देताना मी विचारते: धून हवी की नुसतं थरथरणं? आणि फोन कुणाचा?

फोन कुणाचा हा प्रश्न साधा वाटतो, पण सगळं तिथे अडतं. आजींचा फोन बटणांचा असतो, म्हणून ॲप मुलाच्या फोनवर. मुलगा दिवसभर अंधेरीला नोकरीवर. टोपी वेळा आपल्या पोटात साठवून ठेवते आणि रात्री मुलगा घरी आला की त्याला पोचवते. मग जेवायच्या ताटावर चौकशी सुरू: "आई, सकाळचा का नाही घेतलास?" एका आजींनी मला सरळ सांगितलं, "ताई, हे काढा. लेकराचा फोन बघितला की मला धडकी भरते." मी काढली. त्यांना औषधाचा विसर पडत नव्हता. पंपाने घसा बसतो आणि भजनाला आवाज लागत नाही, म्हणून त्या सकाळचा पंप टाळत होत्या. त्यांना स्पेसर, म्हणजे पंपाच्या तोंडाला लावायची पोकळ नळी, दिला आणि पंप दात घासायच्या ब्रशशेजारी ठेवायला सांगितलं, म्हणजे पंपानंतर आपोआप खळखळून चूळ भरली जाते. घसा सुटला. स्पेसर आठवड्याने साबणाच्या कोमट पाण्यात बुडवून, न पुसता, तसाच वाळवायचा. फडक्याने पुसला की आत वीज साठते आणि औषध भिंतीला चिकटतं.

म्हणून टोपी कुणाला द्यावी, यावर माझं मत आता बरंच पक्कं आहे. विसरणाऱ्याला द्यावी. शाळकरी मुलाला, पाळ्यांची नोकरी असलेल्याला, नुकतंच औषध सुरू झालेल्याला द्यावी. घाबरणाऱ्याला, लपवणाऱ्याला, पैशासाठी डबी पुरवून पुरवून वापरणाऱ्याला देऊ नये. त्याचं दुखणं वेगळं आहे आणि आलेखात ते फक्त रिकामी जागा म्हणून दिसतं. आणि दिली तरी कायमची देऊ नये. दोन-तीन महिन्यांत हात बसला, सवय जडली की काढावी.

देताना एक गोष्ट मात्र मी हमखास दोनदा सांगते. औषध संपलं की टोपी उतरवून नव्या डबीवर चढवायची. कारण पंपापेक्षा महाग असलेली ती टोपी जुन्या डबीबरोबर सुक्या कचऱ्यात जाते, आणि घंटागाडी सकाळीच येऊन गेलेली असते.