'मनावर घे' म्हणणं सोपं

१ जुलै २०२५, मंगळवार

आज बँकेत नोकरी करणाऱ्या एक बाई आल्या. खुर्चीत टेकायच्या आत म्हणाल्या, "मॅडम, चूक माझीच आहे. तोंडावर ताबा नाही." वय बेचाळीस, गुडघे धरलेले, रात्री घोरता घोरता श्वास अडकून जाग येते. मागे अकरा किलो उतरवले होते, दोन वर्षांत चौदा चढले. "उतरवले तेव्हा सगळे विचारायचे, काय करतेस? आता विचारतात, काय करून घेतलंस गं हे?"

मी कागदावर चित्र काढून दाखवलं. चरबीच्या पेशी लेप्टिन नावाचं संप्रेरक सोडतात. जेफ्री फ्रीडमन यांनी १९९४मध्ये त्याचा शोध लावला. चरबी घटली की लेप्टिन घटतं आणि मेंदूला वाटतं, दुष्काळ पडला. तो भूक वाढवतो, शरीराचा खर्च आखडता घेतो. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी वजन उतरवलेल्यांना वर्षभरानंतर पुन्हा तपासलं. २०११मध्ये त्यांनी लिहिलं की, भुकेची संप्रेरकं तेव्हाही ठिकाणावर आलेली नव्हती. म्हणजे या बाई स्वतःच्याच देहाशी झुंजत होत्या आणि घरचे म्हणत होते, जरा मनावर घे.

त्यांनी कागदाची घडी घालून पर्समध्ये ठेवली. "ह्यांना दाखवते."

३ जुलै, गुरुवार

एका तरुणाचं बीपी फार वाढलेलं म्हणून चिठ्ठी आली होती. सिस्टरांनी दंडाचा मोठा पट्टा आणून पुन्हा मोजलं, तर आकडा बराच खाली. जाड दंडाला नेहमीचा पट्टा तोकडा पडतो आणि बीपी आहे त्यापेक्षा जास्त दाखवतो. मोठा पट्टा, हात नसलेली रुंद खुर्ची, पडद्याआडचा वजनकाटा, एवढं तरी प्रत्येक दवाखान्यात हवं. चारचौघांत मोठ्यानं वजन पुकारलं म्हणून उपचार सोडून गेलेली माणसं मी पाहिली आहेत.

६ जुलै, आषाढी एकादशी

घरात भगर, दाण्याची आमटी, साबुदाण्याची खिचडी. 'एकादशी अन् दुप्पट खाशी' म्हणत सगळे हसले. मला माझ्याकडे येणारी एक कॉलेजातली मुलगी आठवत राहिली. दिवसभर ती अन्नाला शिवत नाही. घर झोपलं की स्वयंपाकघरात अंधारातच डबे उघडते, पोट दुखेपर्यंत खाते आणि मग रडते. आईला वाटतं, चोरून खाण्याची खोड आहे. हा आजार आहे; अमेरिकन मनोविकार संघटनेच्या निदानपुस्तिकेत २०१३पासून त्याला स्वतंत्र जागा आहे. अशा मुलीच्या हातात कडक डाएटचा तक्ता दिला की दिवसाचा उपास आणखी ताणला जातो आणि रात्र आणखी वाईट जाते. तिला मी आधी सकाळी पोटभर नाश्ता करायला सांगितलं, आणि मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घेऊन दिली.

सॅन डिएगोतल्या डॉ. व्हिन्सेंट फेलिट्टींची गोष्ट या कामातल्या प्रत्येकाला ठाऊक असावी. १९८०च्या दशकात त्यांच्या लठ्ठपणाच्या उपचारकेंद्रातून वजन छान उतरत असलेलेच रुग्ण निघून जाऊ लागले. त्यांच्याशी बोलत गेल्यावर कळलं, कितीतरी जणांवर लहानपणी लैंगिक अत्याचार झाले होते. काहींना आपल्या जाड देहाचाच आडोसा वाटत होता. किती खाता हे आपण सगळेच विचारतो. केव्हापासून आणि कशानंतर, हे विचारायला धीर लागतो.

१० जुलै, गुरुवार

बँकेतल्या बाई यजमानांना घेऊन आल्या. गृहस्थ शिडशिडीत, बायकोकडे बघत म्हणाले, "आमचं बघा, कसं आटोक्यात आहे." मी टेप घेतली. पोटाचा घेर ९६ सेंटिमीटर. आपल्याकडे पुरुषांसाठी ९० आणि बायकांसाठी ८० ही धोक्याची रेघ. आपल्या पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला होता, तो दाखवला. दोघांचा बीएमआय २२.३. चरबी मात्र युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२. गृहस्थांनी तिथेच साखर तपासायचं कबूल केलं. त्यानंतर बायकोच्या खाण्याविषयी ते एक शब्द बोलले नाहीत.

१६ जुलै, बुधवार

वजन उतरवायची नवी इंजेक्शनं बाजारात आल्यापासून रोज कोणीतरी विचारतंच. आज एक काकू आल्या. मुलीच्या लग्नापुरतं घेऊन सोडायचं म्हणत होत्या. औषध चांगलं आहे, मनातली वखवख शमते. त्यातल्या सेमाग्लुटाइडच्या मोठ्या चाचणीत वजन सरासरी १५ टक्क्यांच्या आसपास उतरलं. पण बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्यातलं दोन-तृतीयांश परत आलं. सुरू करायचं ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि लांबच्या पल्ल्याचा विचार करूनच. वजन उतरवायच्या शस्त्रक्रियेचंही तसंच, त्यानंतर जीवनसत्त्वांच्या गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात.

बीपीची गोळी थांबवल्यावर बीपी चढलं तर रुग्णाला कोणी आळशी म्हणत नाही. घरच्यांनो आणि डॉक्टरांनो, वजनालाही तोच न्याय लावा. बँकेतल्या बाईंनी तूर्त इंजेक्शन नको म्हटलं आहे. श्वास अडकतो त्यासाठी झोपेची तपासणी आधी, ती सोमवारी ठरली.