कल्याणच्या पलीकडे

मुंबईत जन्मलेल्या आणि मुंबईतच पोट भरणाऱ्या माणसाने बायकामुलांसह कल्याणच्या पलीकडे बिऱ्हाड हलवणे ही गोष्ट आता इतकी नित्याची झाली आहे की, तिच्याकडे चिंतनाचा विषय म्हणून पाहावे असे सहसा कोणाला वाटत नाही. विवाह, अपत्यजन्म, वडीलधाऱ्यांचा मृत्यू या प्रसंगांसाठी आपल्याकडे संस्कार आहेत. पण ज्या वस्तीत आपल्या तीन पिढ्या गेल्या ती सोडून जाण्यासाठी टेम्पोच्या भाड्याची पावती आणि शिधापत्रिकेवरचा नवा पत्ता यांपलीकडे काहीही नसते. वास्तविक एका लहान कुटुंबाच्या आयुष्यात इतका दूरगामी परिणाम करणाऱ्या घटना फार थोड्या असतात. २००१ आणि २०११ या दोन जनगणनांच्या दरम्यान मुंबई शहर जिल्ह्याची, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या जुन्या मुंबईची, लोकसंख्या ३३ लाखांवरून ३१ लाखांच्या खाली उतरली, आणि त्याच दहा वर्षांत त्या वेळच्या ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर गेली. या स्थलांतराची कोणी दवंडी पिटली नाही. एकेक बिऱ्हाड निघत गेले, एकेक खोलीचे दार वेगळ्या नावाने उघडू लागले, आणि त्या ओघात पुढे आमचेही चौघांचे कुटुंब सामील झाले.

गिरगावातली आमची दीड खोली आजोबांनी पागडीने घेतलेली होती. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने आमच्यासारख्या असंख्य कुटुंबांना शहरात पाय रोवून उभे राहू दिले, आणि त्याबद्दलची कृतज्ञता माझ्या मनात आजही आहे. परंतु भाडी गोठली तशी मालकांची दुरुस्तीची इच्छाही गोठली, आणि भाड्याने देण्यासाठी नव्या इमारती बांधणे कोणालाच परवडेनासे झाले. परिणामी ज्यांच्याजवळ खोली होती त्यांची ती टिकली, आणि त्यांच्या नातवंडांना मात्र त्याच शहरात दुसरी खोली मिळण्याचा मार्ग उरला नाही. आईवडील, थोरले बंधू, वहिनी, त्यांचा मुलगा आणि आम्ही चौघे इतकी माणसे त्या दीड खोलीत गुण्यागोविंदाने राहिली, याचे सारे श्रेय घरातल्या दोन सुनांच्या सहनशीलतेला दिले पाहिजे. धाकटा मुलगा रांगू लागला तेव्हा त्याला रांगायला जमीन कोठून आणावी हा प्रश्न उभा राहिला, आणि आमचा निर्णय खरे म्हणजे त्याच दिवशी झाला. वडिलांनाही बरोबर चला म्हणून आग्रह केला, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "माझी वहिवाट इथली आहे. तुमची तुम्ही नवी पाडा." त्या बोलण्यात राग नव्हता आणि दुःखाचे प्रदर्शनही नव्हते, एका माणसाने आपल्या आयुष्याची चतुःसीमा आखून दाखवावी, इतकाच त्याचा अर्थ होता.

दुय्यम निबंधकाच्या कचेरीत दस्त नोंदवला गेला तेव्हा त्यात "मौजे कुळगाव, तालुका अंबरनाथ, जिल्हा ठाणे" असा आमच्या नव्या मिळकतीचा निर्देश होता. बदलापूर स्थानकाच्या पूर्वेला कुळगाव, पश्चिमेला उल्हास नदीच्या अंगाने जुने बदलापूर गाव, आणि या दोहोंना कवेत घेणारी एक नगरपरिषद. २००१ मध्ये लाखाच्या आत असलेली तिची वस्ती पुढच्या दहा वर्षांत पावणेदोन लाखांच्या घरात गेली. आमची इमारत ज्या जमिनीवर उभी आहे ती एके काळी भाताची खाचरे होती. ती बिनशेती झाली तेव्हा कोणाचे तरी पिढ्यान्‌पिढ्यांचे पीक कायमचे थांबले, ही जाणीव येथे नव्याने येणाऱ्या प्रत्येकाने बाळगावी असे मला वाटते. कारण ज्या विस्थापनाचे दुःख आपण मुंबईहून घेऊन येतो, तसेच एक दुःख आपल्या येण्याने येथील मूळच्या रहिवाशांच्या वाट्याला आलेले असते.

आम्हांला येथे जे मिळाले त्याचे मोल मी कमी लेखणार नाही. मुलीला सायकल चालवायला अंगण मिळाले, धाकट्याला रांगायला आणि पुढे धावायला जमीन मिळाली, आणि पत्नीला लग्नानंतर प्रथमच दार लोटून घेता येईल अशी एक खोली मिळाली. स्वयंपाकघराच्या खिडकीतून स्वच्छ दिवशी डोंगरांची रांग आणि तिच्यातला चंदेरीचा सुळका दिसतो. मृगाच्या सुमारास ठाकर-कातकरी बायका स्थानकाबाहेर जांभळांच्या पाट्या घेऊन बसतात, आणि मुलांची जीभ आठवडाभर जांभळी राहते. ऋतू बदलतो म्हणजे काय होते, हे गिरगावात दिनदर्शिकेवरून समजत असे. येथे ते नाकाला आणि डोळ्यांना आपोआप समजते. बालपणाला जागा लागते, आणि ती जागा आम्ही मुलांना देऊ शकलो, याचे समाधान मनात खोलवर आहे.

परंतु या जागेची सगळी किंमत खरेदीखतात लिहिलेली नव्हती. कर्जाचे हप्ते, मुद्रांकशुल्क, नोंदणी फी या रकमा कागदावर येतात आणि कधी ना कधी फिटतात. बदलापूरपासून मुंबईपर्यंतचे ६८ किलोमीटर मात्र रोज नव्याने फेडावे लागतात. १८५३ मध्ये बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत आगगाडी धावली, दुसऱ्या वर्षी ती कल्याणला पोहोचली, आणि १८५६ मध्ये आमच्या गावावरून खोपोलीपर्यंत गेली. घाट ओलांडून दख्खनचा कापूस बंदरावर आणावा, या हेतूने हा लोहमार्ग आखला गेला होता; लक्षावधी नोकरदारांनी सकाळी जाऊन रात्री परत यावे, असे त्याच्या आखणाऱ्यांच्या स्वप्नातही आले नसेल. कल्याणला मार्ग दुभंगतो, एक फाटा कसाऱ्याकडे आणि एक कर्जतकडे जातो; आणि कर्जतच्या फाट्यावर दोनच रूळ असल्याने पुण्याकडच्या मेल-एक्स्प्रेस, मालगाड्या आणि आमच्या लोकल यांना एकमेकींची वाट पाहत त्याच दोन रुळांवरून जावे लागते. जलद गाडीलाही दीड तासाच्या आसपास वेळ लागतो, आणि घरापासून स्थानक, स्थानकापासून कचेरी हे धरले तर दिवसाचे चार तास प्रवासात जातात. त्या डब्यांत माणसांनी एक जग उभे केले आहे हे खरे. टाळ-चिपळ्यांवर भजन म्हणणारी मंडळी, मांडीवर पिशवी घेऊन रात्रीची भाजी निवडणाऱ्या स्त्रिया, चौथ्या सीटवर टेकलेल्याला मध्येच उठून आपली जागा देणारा अनोळखी इसम, हे सारे मी आदराने पाहिले आहे. तरीही ते चार तास आयुष्यातून वजा होतात, आणि ते नेमके कोणाच्या आयुष्यातून वजा होतात याचा हिशेब लहान मुलांच्या घरात निराळा असतो.

एकट्या माणसाचे चार तास गेले तर ते त्याचे स्वतःचे जातात; बापाचे किंवा आईचे चार तास जातात तेव्हा ते मुलांच्या खात्यातून जातात. सकाळी मी निघतो तेव्हा दोन्ही मुले झोपेत असतात, आणि रात्री परततो तेव्हा धाकट्याचे डोळे मिटत आलेले असतात. मुलीचा पहिला दात पडला तेव्हा तिने शेजारच्या मुलांना तो दाखवला, रिवाजाप्रमाणे तुळशीच्या मुळाशी पुरला, आणि मला ही वार्ता दुसऱ्या दिवशी तिच्या हसण्यातली फट पाहून समजली. पत्नीने मुद्दाम मागून ठाण्याला बदली करून घेतली. तिचा प्रवास निम्म्यावर आला, पण मुंबईच्या कचेरीत तिच्यासमोर जी बढतीची वाट होती ती तिला सोडावी लागली. पाळणाघर संध्याकाळी सातला बंद होते, आणि त्या एका घटकेभोवती तिचा सगळा दिवस बांधलेला असतो. आजी-आजोबांना भेटायला रविवार तेवढा मोकळा, आणि रेल्वेचा मेगाब्लॉकही रविवारीच. नातवंडांना आजोबांच्या हाताचा स्पर्श पूर्वी रोज मिळत असे. आता त्यासाठी वेळापत्रक पाहावे लागते.

घरे एकीकडे आणि उद्योग दुसरीकडे अशी वाटणी झाली की काय होईल, हे जाणत्यांनी फार पूर्वी ओळखले होते. १९६५ मध्ये चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी 'मार्ग' या नियतकालिकातून खाडीपलीकडे नवे शहर वसवण्याची कल्पना मांडली, तेव्हा घरांबरोबर नोकऱ्याही तिकडे गेल्या पाहिजेत हा तिचा गाभा होता. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि नवी मुंबई उभी राहिली. कल्याणच्या पलीकडच्या गावांचा मात्र असा साकल्याने विचार झाला नाही. मुंबईत ज्यांना जागा उरली नाही त्यांनी स्वतःच्या मिळकतीला झेपेल तितक्या अंतरावर जाऊन राहावे, आणि ते अंतर रोज स्वतःच्या देहाने तोडावे, ही व्यवस्था कोणी ठरवून केलेली नाही. आणि म्हणूनच ती बदलण्याची जबाबदारी कोणी स्वतःची मानत नाही.

अशा गावाची दिवसा एक वस्ती असते आणि रात्री दुसरी. दिवसा तेथे वृद्ध असतात, मुले असतात, घर सांभाळणाऱ्या स्त्रिया, दुकानदार, शिक्षक आणि मूळचे गावकरी असतात. जी मंडळी कमावती आणि कर्ती म्हणून ओळखली जातात ती झोपण्यापुरती येतात. पाण्याची वेळ का बदलली, शाळेसमोरचा रस्ता का खणला आहे, नगरपरिषदेच्या सभेत काय ठरले, हे त्यांना ठाऊक नसते, कारण ते ठाऊक होण्याच्या वेळी ती गाडीत उभी असतात. गावाचा कर भरणारी आणि गावाच्या कारभारात आवाज नसलेली अशी मोठी प्रजा त्यामुळे तयार होते. मतदार यादीत नाव असूनही मनाने ती जुन्याच वस्तीत राहते. गणपतीला गिरगावात जाते, पाडव्याची खरेदी दादरला करते, आणि वर्षे लोटली तरी नव्या गावाला "तिकडे" असेच म्हणत राहते.

एका पावसाळ्याने आमच्या घरापुरते हे चित्र पालटले. उल्हास नदीचे पाणी २६ जुलै २००५ रोजी या गावात कसे शिरले होते, आणि २०१९ च्या जुलैत बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या वेढ्यात अडकून पडली तेव्हा प्रवाशांना नावांतून कसे बाहेर काढावे लागले, हे येथे प्रत्येकाला ठाऊक आहे. म्हणून पाऊस धरून बसला की घराबाहेर असलेल्या आईबापांच्या काळजाचा ठोका चुकतो. अशाच एका संध्याकाळी गाड्या थांबल्या. मी अंबरनाथच्या अलीकडे अडकलो होतो, पत्नी ठाण्याच्या फलाटावर उभी होती, आणि मुले पाळणाघरात. तळमजल्यावर राहणाऱ्या एका काकूंची आणि आमची ओळख तोवर जिन्यातल्या नमस्कारापुरती होती. त्या छत्री घेऊन पाळणाघरात गेल्या, दोन्ही मुलांना घरी घेऊन आल्या, त्यांना ऊनऊन वरणभात भरवला आणि आपल्या शेजारी निजवले. पहाटे आम्ही दोघे चिंब भिजून पोहोचलो तेव्हा त्यांनी दार उघडले आणि एवढेच म्हणाल्या, "पोरं झोपलीत. आधी अंग पुसा, चहा घ्या." त्या चहाच्या पेल्याबरोबर आमचे या गावाशी नाते जडले. ज्या ठिकाणी आपल्या पाठीमागे आपली मुले कोणीतरी आपलीशी करून सांभाळते, ते ठिकाण मग परके राहूच शकत नाही.

तेव्हापासून मी आमच्याआधी याच मार्गाने आलेल्या लोकांचा विचार करू लागलो. कल्याणला रेल्वे आली १८५४ मध्ये, आणि तेथील सार्वजनिक वाचनालय निघाले १८६४ मध्ये. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे. डोंबिवलीला नोकरदारांचे गाव म्हणत आले. पण त्याच डोंबिवलीत पु. भा. भावे आणि शं. ना. नवरे राहिले आणि लिहिते राहिले, तेथूनच गुढीपाडव्याच्या स्वागतयात्रेची प्रथा महाराष्ट्रभर गेली, आणि २०१७ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनही तेथे भरले. डोंबिवलीतल्या संस्था उभ्या करणाऱ्यांमध्ये असे किती तरी लोक होते, की ज्यांना सकाळची गाडी पकडायची असे आणि रात्री थकून परतायचे असे. त्यांच्याजवळ आमच्याहून अधिक वेळ नव्हता. जो होता त्यातला काही भाग त्यांनी गावाला दिला, आणि त्या दिलेल्या वेळातून शाळा, वाचनालये, व्याख्यानमाला निर्माण झाल्या. इमारती बांधणारे पैसा आणतात आणि वस्ती निर्माण करतात. त्या वस्तीचे गाव करण्याचे काम तेथे राहणाऱ्यांना आपल्या जागेपणीच्या वेळातून करावे लागते.

म्हणून शासनाकडे माझे मागणे स्पष्ट आहे. कल्याणच्या पुढचे रूळ वाढवा, आणि त्याहून अगत्याचे म्हणजे, कचेऱ्या आणि उद्योग माणसांच्या घरांजवळ आणा. लहान मुलांच्या आईबापांना घरी वेळेवर पोहोचता येणे ही राज्यकारभाराच्या चिंतेची बाब आहे, खाजगी अडचण म्हणून ती सोडून देता येणार नाही. आणि जे माझ्यासारखे बायकामुलांना घेऊन या गावांत आले आहेत, त्यांना एवढीच विनंती आहे की, आपण येथे तात्पुरते आलो आहोत ही समजूत टाकून द्या. आठवड्यातला एखादा जागा तास या गावाला द्या: वाचनालयात जा, वॉर्डाच्या सभेला बसा, जिन्यातल्या शेजाऱ्याचे पूर्ण नाव विचारा. आपल्याला मुंबईची आठवण येत राहील, ते योग्यच आहे. पण आपल्या मुलांना उद्या कोणी गाव विचारले तर ती निःशंकपणे याच गावाचे नाव घेणार आहेत, आणि ते नाव त्यांना अभिमानाने घेता यावे यासाठी जे करायचे ते आपल्यालाच करायचे आहे.