इम्प्लांट बसला, पुढे काय?

पायोरियाने हलणारे दात काढून इम्प्लांट बसवले की आजार संपला, असा समज पुण्याजवळच्या कारखान्यांच्या पट्ट्यात, कासारवाडीपासून चाकणपर्यंत, सर्रास दिसतो. हिरड्यांच्या आजारावर काम करणारा डॉक्टर म्हणून मला तो खोडून काढायचा आहे. दात जातो, पण ज्या तोंडात तो सैल झाला ते तोंड तसेच राहते. रात्रपाळीत जाग राहावी म्हणून ओढलेली सिगारेट, रक्तातली वाढलेली साखर, जंतूंशी लढताना स्वतःचेच हाड झिजवणारी शरीराची प्रवृत्ती, यांतले काहीही दाताबरोबर उपटून निघत नाही. शिवाय दाताला असलेले संरक्षण इम्प्लांटला नसते. हिरडीचे तंतू दाताच्या मुळात आडवे रुतलेले असतात. इम्प्लांटच्या धातूत ते रुतत नाहीत, नुसते त्याच्या कडेने राहतात. जंतूंना हाडाकडे उतरायला ती वाट सोपी पडते.

यावर नेहमीचा आक्षेप असा, की इम्प्लांट तर वर्षानुवर्षे टिकतात. टिकतात, हे खरेच. स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांनी १९६५ मध्ये पहिल्या रुग्णाला बसवलेले इम्प्लांट २००६ मध्ये त्याच्या मृत्यूपर्यंत कामात होते. इटलीतल्या रोकुझो यांच्या गटाने २०१० मध्ये दहा वर्षांचे निष्कर्ष मांडले: हिरड्या निरोगी असलेल्यांत ९६.६ टक्के इम्प्लांट टिकले, तीव्र आजार होऊन गेलेल्यांत ९० टक्के. आकडा वाईट नाही. पण ‘टिकला’ याचा अर्थ तो अजून तोंडात आहे, एवढाच. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्वीडनमधल्या पाहणीत नऊ वर्षांनंतर ४५ टक्के रुग्णांत इम्प्लांटभोवती हाड झिजवणारा दाह आढळला, आणि १४.५ टक्क्यांत तो मध्यम ते तीव्र होता. हा आजार बहुधा दुखत नाही. मिलिमीटरच्या खुणा असलेली बारीक सळई हिरडीच्या कडेने आत सरकवली की ती नको तितकी खोल जाते, मागोमाग रक्त येते, कधी पू. हाडात बुडालेले असायला हवेत असे स्क्रूचे वरचे आटे एक्स-रेत उघडे दिसतात. त्या आट्यांत अडकलेले किटण पूर्ण काढणे अवघड, आणि गेलेले हाड परत मिळवणे त्याहून अवघड.

मग तीव्र पायोरियात इम्प्लांट बसवूच नये का? बसवावा, पण क्रमाने: वाचतील ते दात वाचवायचे, हिरड्यांतला दाह शमवायचा, साखर आटोक्यात आणायची, तंबाखू सोडायचा, मग इम्प्लांट, आणि त्यानंतर कायमची देखभाल. इम्प्लांटभोवतीची हिरडी सुजलेल्या रुग्णांचा ब्राझीलमध्ये पाच वर्षे पाठपुरावा झाला. नियमित तपासणी आणि सफाई करून घेणाऱ्यांपैकी १८ टक्क्यांत आजार हाडापर्यंत गेला, न घेणाऱ्यांपैकी ४३.९ टक्क्यांत. जे नेमाने येतात ते मुळातच काळजी घेणारे असतील, ही शंका रास्त आहे. पण तिने देखभालीचे महत्त्व कमी होत नाही. पाळ्यांत काम करणाऱ्याने दर तीन-चार महिन्यांनी वेळ आणि पैसे आणायचे कुठून, हा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. त्यावर उत्तर एकच: ही अडचण इम्प्लांट बसवण्याआधी बोलली गेली पाहिजे. खर्चाच्या पहिल्या कागदावर इम्प्लांट आणि कॅपच्या किमतीखाली पुढच्या वर्षांच्या देखभालीचा खर्चही लिहिलेला हवा. तो परवडणारा नसेल, तर काढता-घालता येणारी कवळी हा कमीपणाचा नव्हे, प्रामाणिक सल्ला आहे.