बर्ड आडनावाची माणसे

आडनावावरून नाते जोडण्याची आम्हांस फार जुनी खोड आहे. तिने एकदा आमची चांगलीच फजिती केली. २००३ साली इराकवरील युद्धास विरोध करणारे अमेरिकेतील सेनेटर रॉबर्ट बर्ड यांचे भाषण गाजले, तेव्हा आम्ही घरच्या मंडळींस मोठ्या ऐटीने सांगितले की, विमानातून दक्षिण ध्रुव ओलांडणाऱ्या ॲडमिरल रिचर्ड बर्ड यांचे हे पुतणे. धाडस त्या रक्तातच आहे! पुढे खरे काय ते वाचनात आले आणि आमची मान खाली गेली.

ॲडमिरलसाहेब व्हर्जिनियाच्या जुन्या घराण्यातले. भावंडे तीन: टॉम, डिक आणि हॅरी. इंग्रजीत या नामावळीचा अर्थ आपल्याकडील सोम्यागोम्या असाच होतो! डिक म्हणजेच रिचर्ड. १९२६ साली आपण उत्तर ध्रुवावरून उडालो, हा त्यांचा दावा अद्याप वादग्रस्त आहे. १९२९ च्या दक्षिण ध्रुवाच्या उड्डाणाविषयी मात्र वाद नाही. परंतु आम्हांस त्यांचा खरा मोठेपणा दिसतो तो १९३४ च्या दक्षिणेकडील हिवाळ्यात. बर्फात पुरलेल्या खोपटात हा गृहस्थ हवामानाची टिपणे घेत कित्येक महिने एकटा राहिला. विषारी वायूने मरणोन्मुख झाला, तरी भर काळोखात सोबत्यांनी जीव धोक्यात घालू नये म्हणून रेडिओवर आपले दुखणे लपवीत राहिला. अखेर संदेश अडखळू लागले, तेव्हा सोबत्यांस संशय आला आणि ऑगस्टात ते त्याच्यापर्यंत पोहोचले.

सख्खा भाऊ हॅरी १९३३ पासून १९६५ पर्यंत सेनेटर होता. काळ्या व गोऱ्या मुलांच्या शाळा वेगळ्या ठेवू नयेत, असा सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली निकाल दिला. त्याविरुद्ध १९५६ साली यानेच प्रचंड प्रतिकाराची हाक दिली. व्हर्जिनियातील प्रिन्स एडवर्ड परगण्यात तर १९५९ पासून १९६४ पर्यंत सरकारी शाळांस कुलुपे होती. गोऱ्यांनी आपल्या मुलांसाठी खाजगी शाळा काढली. काळ्या मुलांची शिकण्याची वर्षे वाया गेली. भावाच्या ध्रुवावरील शौर्याने हे धुऊन निघते, असे आम्हांस वाटत नाही.

आता आमचे ‘पुतणे’. यांचे जन्मनाव कॉर्नेलियस सेल. १९१८ च्या साथीत आई वारली, आणि वर्षाच्या या पोरास आत्याने व तिच्या यजमानांनी दत्तक घेतले. बर्ड हे आडनाव त्या यजमानांचे. वाढणे वेस्ट व्हर्जिनियातील कोळशाच्या खाणींजवळ. म्हणजे व्हर्जिनियाच्या घराण्याशी रक्ताचा संबंध नाही. तरुणपणी हे कू क्लक्स क्लॅनमध्ये होते. १९६४ च्या नागरी हक्कांच्या विधेयकाविरुद्ध ते चौदा तासांहून अधिक बोलले; मतदानात हॅरी व रॉबर्ट, दोन्ही बर्ड विरोधातच होते. नाते नसून वळण एकच! पुढे मात्र रॉबर्ट यांनी क्लॅनबद्दल उघडपणे, आणि एकदा नव्हे, माफी मागितली. २०१० साली मृत्यू आला तेव्हाही ते सेनेटरच होते.

हे सारे घरी कबूल करणे आम्हांस भाग पडले. तेव्हापासून आम्ही कोणाच्या घराण्याविषयी बोलू लागलो की आमची पुतणी गंभीर चेहऱ्याने विचारते, “काका, सख्खे की सेल?”