घट्टे

आमच्या थोरल्या दादानं लहानपणी माझी पाठ खाजवली की बैलाला खरारा केल्यासारखं वाटायचं. नांगराचं रुमणं, पाभरीचं चाडं, विहिरीवरचा दोर, विळा, कुऱ्हाड. चाळीस-पंचेचाळीस वर्षं हेच हातात. प्रत्येक बोटाच्या मुळाशी एकेक घट्टा, वाळलेल्या चामड्यासारखा. पायाचंही तेच. वहाणा होत्या, पण बांधावर आला की काढून ठेवायचा. ‘ढेकळं पायाला लागली की रानाची ओल कळती,’ म्हणायचा. बाभळीचा काटा टाचेत मोडला तर त्याला दोन दिवसांनी पत्ता लागायचा.

मी शाळेत मास्तर झालो, माझे हात मऊ झाले. दादा ते हातात घेऊन हसायचा, ‘बाईमाणसाचं हात हैत गड्या.’

आमचा भाग बार्शी-परांड्याकडचा. बार्शीत कॅन्सरचं रुग्णालय जुनं आहे. १९८७ पासून आसपासच्या खेड्यांतल्या कॅन्सरच्या रोग्यांची नोंद तिथं ठेवली जाते, देशातली खेड्यांसाठीची ती पहिली. त्यामुळं हा रोग आमच्या गावाला अगदीच नवा नव्हता. तंबाखूनं तोंडाचा होतो, बायकांना पिशवीच्या तोंडाचा होतो, एवढं लोकांना माहीत होतं. आतड्याचा होतो हे मात्र कुणी ऐकलेलं नव्हतं. शौचाला रक्त गेलं की गावात ती मूळव्याधच. दादानंही सहा महिने सुरण खाल्लं, कुणाकुणाचं झाडपाल्याचं औषध घेतलं. पोट फुगून उलट्या लागल्या तेव्हा शहरात नेलं, आणि गाठ निघाली ती मोठ्या आतड्यात. शस्त्रक्रिया झाली. सहा महिने सलाईनमधून औषधं झाली. त्या दिवसांत त्याला गार पाण्याचा स्पर्श सोसेना. हातापायाला मुंग्या यायच्या, तांब्या हातातून सुटायचा. पण तो उठला. एक हंगाम कोळपणी करून दाखवली. मग यकृतात गाठी दिसल्या. पुन्हा दुसरी सलाईनं. तीही चालेनाशी झाली.

२०२२ च्या दसऱ्याच्या आधी डॉक्टरांनी मला आणि पुतण्याला समोर बसवलं. म्हणाले, ‘आता सलाईन नाही. गोळ्या आहेत, रेगोराफेनिब नावाच्या. घरी राहून घ्यायच्या.’

घरी राहून म्हटल्यावर पुतण्याचा चेहरा उजळला. मी मास्तर, मला आकडा विचारल्याशिवाय राहवलं नाही. डॉक्टर सरळ माणूस. त्यांनी काही लपवलं नाही. ७६० रोग्यांवर ह्या औषधाची परीक्षा झाली होती, सगळे असेच, सगळे उपाय संपलेले. काहींना हे औषध दिलं, काहींना नुसती पिठाची गोळी. औषधवाल्यांचं आयुष्य मध्यावर धरलं तर ६.४ महिने, पिठाच्या गोळीवाल्यांचं ५. गाठ आकसण्याचं प्रमाण शंभरात एक. पण शंभरातल्या एक्केचाळिसांचा रोग काही काळ आवरून राहिला. पिठाच्या गोळीवर तसे पंधराच होते. ह्या जोरावर २०१२ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली.

म्हणजे दीड महिना. तोही सरासरीचा. कुणाला काहीच नाही, कुणाला बरंच जास्त.

आणि किंमत? शस्त्रक्रिया आणि सलाईन सरकारी योजनेच्या कार्डावर झालं होतं. ह्या गोळ्या आम्हाला खिशातून घ्याव्या लागणार होत्या. एका महिन्याच्या बाटलीत एक खिलार खोंड जात होता.

पुतण्या म्हणाला, ‘विहिरीखालचा एकर काढू.’ वहिनी काहीच बोलल्या नाहीत. घरी आल्यावर मी दादाला सगळं सांगितलं. पुतण्याला ते आवडलं नाही. ‘तात्यांना आकडा कशाला सांगायचा, अण्णा?’ म्हणाला. पण जमीन दादाची, देह दादाचा. त्याच्या पाठीमागं हिशेब करणारे आम्ही कोण?

दादानं ऐकून घेतलं. तंबाखू सुटली होती, तरी सवयीनं हातावर हात चोळत बसला. मग म्हणाला, ‘दीड म्हैना म्हंजी शाळू पोटरीत आल्यापासनं हुरड्यापातूर.’

‘व्हय, तेवढाच.’

‘मग थोडा न्हाई.’ थोडं थांबून म्हणाला, ‘पन एकर काढायचा न्हाई. खोंड इका. त्याला आता धरनार कोन?’

खोंड विकला. वहिनींनी त्याच्या कपाळाला कुंकू लावलं आणि आत गेल्या त्या संध्याकाळपर्यंत बाहेर आल्या नाहीत.

औषध काम कसं करतं, हेही दादानं विचारलं होतं. मला डॉक्टरांनी सांगितलं ते असं : गाठीला वाढायला रक्त लागतं. ती आपल्याकडं नव्या रक्तवाहिन्या ओढून घेते. ही गोळी त्या वाहिन्यांना वाढ म्हणून जो निरोप जातो तो अडवते, गाठीच्या पेशींचे आणखीही काही निरोप अडवते.

दादा म्हणाला, ‘म्हंजी हरळीचं पानी तोडायचं.’

‘तसंच.’

‘हरळी त्यानं मरत न्हाई.’

‘नाही. पसरायची थांबते.’

‘बास झालं की. शेजारच्या सरीत तर यायची न्हाई.’

पुढं अनेकांनी मला ह्या औषधाबद्दल विचारलं. मी दादाचंच उत्तर दिलं.

गोळी सुरू करण्याआधी दवाखान्यातल्या नर्सबाईंनी दादाचे तळवे पाहिले आणि म्हणाल्या, ‘बाबा, आधी हे घट्टे काढावे लागतील.’ ह्या औषधानं हातापायाची कातडी सोलते. जिथं दाब पडतो, जिथं कातडी जाड असते, तिथं आधी फोड येतात. मग पाऊल टेकवत नाही. म्हणून रोज कोमट पाण्यात पाय भिजवायचे, हलक्या हातानं घासायचे, युरिया असलेलं मलम लावायचं, मऊ मोजे आणि मऊ चप्पल घालायची.

‘युरिया?’ दादा म्हणाला, ‘रानात टाकतो त्यो?’

नर्सबाई हसल्या. ‘तोच, पण मलमातला.’

मग दसऱ्यानंतर पंधरा दिवस आमच्या ओसरीवर रोज एक घमेलं कोमट पाणी, वजरीचा दगड आणि वहिनी. चाळीस वर्षांत साठलेलं त्या थराथरानं काढत होत्या. एकदा मी गेलो तर दादा आपलाच तळहात उजेडात धरून बघत होता. आत गुलाबी कातडी निघाली होती. मला म्हणाला, ‘बग, तुज्यावानी झाला.’ मी हसलो खरा, पण मला तिथं थांबवलं नाही.

गोळ्या चाळीस मिलिग्रॅमच्या. पूर्ण मात्रा रोज चार गोळ्यांची, सलग एकवीस दिवस, मग सात दिवस सुट्टी. आमच्या डॉक्टरांनी पहिल्या आठवड्याला दोन, दुसऱ्याला तीन अशा चढवत नेल्या. तीनवरच थांबले, कारण तिसऱ्या आठवड्यात दादाच्या टाचा लाल होऊन सुजल्या. गोळी रोज एकाच वेळी, कमी तेला-तुपाचं खाऊन घ्यायची. उपाशीपोटी नाही आणि तळलेल्यावरही नाही. वहिनींनी त्याची न्याहारी ठरवली : एक भाकरी, बिनफोडणीचं मुगाचं वरण, साय काढलेलं दूध. शेंगदाण्याची चटणी रात्रीच्या जेवणात. गोळ्या मूळ बाटलीतच ठेवायच्या, आतली ओल शोषणारी पुडी काढायची नाही. वहिनींनी ती बाटली देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात ठेवली. दर आठवड्याला रक्तदाब, पंधरा दिवसांनी यकृताची रक्ततपासणी. हे औषध यकृतालाच धरू शकतं, म्हणून ती चुकवायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आमच्या उपकेंद्रातल्या आशाताई रक्तदाब लिहून ठेवायच्या. दोनदा वर गेला, त्यासाठी आणखी एक गोळी वाढली.

सगळ्यात त्याला लागलं ते आवाजाचं. एकादशीला देवळात दादा भजन उचलायचा. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात आवाज बसला. हेही औषधाचंच, असं कळलं. तरी तो गेला. टाळ हातात धरवेनात, तळहात दुखायचे. नुसताच खांबाला टेकून बसला आणि ओठ हलवत राहिला. शेजारच्या म्हाताऱ्यानं त्याच्या जागी भजन उचललं, चाल थोडी चुकली. दादानं बोटानं मांडीवर ठेका धरून त्याला वळणावर आणलं.

डिसेंबरात पुन्हा स्कॅन झालं. गाठी होत्या तेवढ्याच. डॉक्टर म्हणाले, ‘थांबलंय.’ घरी आल्यावर दादानं एवढंच विचारलं, ‘शाळू पोटरीत आला का?’ आला होता.

जानेवारीत हुरडा झाला. लेकी आल्या, जावई आले, नातवंडं आली. दादा आगटीजवळ खुर्चीवर बसला, पायांत मऊ मोजे. कणसं भाजायचं काम कायम त्याचंच. पण गरम कणीस चोळून दाणे काढायचे तर हाताला घट्टे पाहिजेत. ते आता नव्हते. पुतण्यानं कणीस उचललं, चोळायला घेतलं आणि चटका बसून टाकून दिलं. सगळे हसले. दादा बसल्या आवाजात म्हणाला, ‘हळू. दोन सालं लागत्याल.’ मग त्यानं दुसरं कणीस कसं धरायचं, अंगठा कुठं ठेवायचा, ते दाखवलं. नुसत्या रिकाम्या हातानं.

फेब्रुवारीअखेर, शाळूची काढणी चालू असताना, स्कॅनमध्ये गाठी वाढलेल्या निघाल्या. पाण्याची दुसरी वाट हरळीला सापडली होती. गोळी बंद झाली. टाचा आठ-दहा दिवसांत बऱ्या झाल्या, आवाजही थोडा परत आला. पुतण्यानं पुन्हा एकराचा विषय काढला, दुसऱ्या औषधासाठी. दादानं हात वर करून त्याला थांबवलं. वैशाखात, घरात, आपल्या बाजेवर तो गेला.

त्या गोळ्यांनी दादाला किती दिवस दिले? आकड्यात सांगता येणार नाही. न घेता काय झालं असतं ते कुणाला दाखवता येतं? त्यांनी काय घेतलं ते मला ठाऊक आहे : एक खोंड, एक आवाज आणि दोन्ही तळहात. आणि हुरड्याला तो आगटीजवळ होता, हेही मला ठाऊक आहे.

मागच्या वर्षी शेजारच्या वाडीतला एक पोरगा आला. त्याच्या बापाला तेच औषध लिहून दिलं होतं. म्हणाला, ‘गुरुजी, घ्यावं का?’ मी म्हटलं, ‘आकडा डॉक्टरांना विचार, आणि तो बापाला सांग. मग तो म्हणेल ते कर.’ तो उठला, तेव्हा वहिनी आतून आल्या. त्यांच्या हातात वजरी होती.

‘घेनार असतील तर,’ त्या म्हणाल्या, ‘आदी त्येंच्या पायाचं बग.’