झाकलेले व्हॉल्व्ह

वडिलांनी स्वतः जुळवलेला व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर आमच्या दिवाणखान्यात असे. पत्र्याच्या उघड्या बैठकीवर पुढे काचेचे व्हॉल्व्ह, मागे काळे ट्रान्सफॉर्मर. पाहुण्यांसमोर आम्हांला त्याचा संकोच वाटे. वडिलांच्या पश्चात आम्ही त्यावर सागवानी पेटी चढवली. वर्षभरात आत कोंडलेल्या उष्णतेने एक ट्रान्सफॉर्मर जळाला.

पुढे मॅकिंटॉश कंपनीच्या १९६१ सालच्या एमसी २७५ चे छायाचित्र पाहण्यात आले आणि आम्ही चपापलो. मांडणी तीच : पुढे व्हॉल्व्ह, मागे ओळीने तीन काळे ट्रान्सफॉर्मर. कॅथोड तापल्यावाचून इलेक्ट्रॉन सुटत नाहीत. ती धग मोकळ्या हवेत जावी म्हणून काच उघडी. क्रोमची झळाळी मात्र निव्वळ हौसेची. पण ती हौस कशावरही पांघरूण घालीत नाही. उलट केशरी धगीचे प्रतिबिंब अंगावर घेते. हल्ली काही अ‍ॅम्प्लिफायरांत व्हॉल्व्हखाली एलईडीचे दिवे बसवतात. तो उजेड धगीतून येत नाही.

आशय आणि आकृतिबंध वेगळे काढता येत नाहीत, असे आम्ही वर्गात वर्षानुवर्षे शिकवीत आलो. घरात मात्र वडिलांची मांडणी आम्हांला ओबडधोबड वाटली आणि तिच्यावर आम्ही आपली अभिरुची ठोकून बसवली. पेटी आता काढली आहे. ट्रान्सफॉर्मर रिवाइंड करून मिळेलही. पण वडील हयात असताना त्या मांडणीविषयी त्यांना दोन शब्द विचारायचे राहून गेले, ते राहिलेच.